एफ/१.७ च्या मागे काहून लागता, भाऊ?

रोज जवळ बाळगायला फिल्मवरचा छोटा रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा कॅमेरा) कोणता घ्यावा, असं कोणी विचारलं की दहातले आठ जण एकच नाव घेतात: कॅनोनेट क्यूएल१७ जीथ्री. १९७२ चा कॅमेरा, ४० एमएम एफ/१.७ लेन्स (एफचा आकडा लहान तितकं अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, मोठं). कॅमेरा चांगलाच आहे, त्यात वाद नाही. पण नागपूरच्या उन्हात त्या एफ/१.७ चं करायचं काय?

साधा हिशोब करा. मे महिन्यात दुपारी बर्डीच्या बाजारात उभे आहात, कॅमेऱ्यात ४०० आयएसओची फिल्म (आकडा मोठा तितकी कमी उजेडात चालणारी). शटर १/५०० सेकंदाला नेलं तरी अॅपर्चर एफ/१६ येतं, आणि या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना १/५०० च्या वर शटर नाहीच. एफ/१.७ वर गेलात तर फिल्म साडेसहा स्टॉप ओव्हर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). तीन स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा काळपट फिल्टर लावला तरी फार तर एफ/५.६ मिळेल. म्हणजे ज्या काचेसाठी ६२० ग्रॅम गळ्यात वागवायचे, ती उन्हाळाभर बंदच. उन्हाळ्यात १०० ची फिल्म घाला, एफ/८ तरी हाती लागतं.

माझं मत ऑलिंपस ३५ आरसीला. १९७० चा, ४२ एमएम एफ/२.८, वजन ४१० ग्रॅम. शटर १/१५ ते १/५०० आणि बी (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं). दीड स्टॉप कमी, कबूल. पण दिवे लागल्यावर बर्डीच्या दुकानांसमोर ४०० ची फिल्म, एफ/२.८ आणि १/६० वर काम भागतं. एसएलआरसारखा आरसा उडत नाही, लेन्समध्येच बसवलेलं पात्यांचं लीफ शटर आहे, त्यामुळे १/३० सुद्धा हातात निघतं. मुख्य म्हणजे शटर पूर्ण यांत्रिक. बॅटरी मेली तर फक्त उजेड मोजणारा मीटर आणि ऑटो जातं, फोटो थांबत नाही. शिवाय शटर आणि अॅपर्चर दोन्ही व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतात, हे सुख या आकारात दुर्मिळ.

ऑलिंपसचाच १९७९ चा एक्सए याहून लहान, २२५ ग्रॅम, शर्टाच्या खिशात मावतो. मोह मलाही होतो. पण त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक: सेल संपले की कॅमेरा ठप्प, आणि सर्किट गेलं तर दुसऱ्या मेलेल्या एक्सएचा पार्ट शोधत बसा. रोलाय ३५ सुंदर, पण त्यात रेंजफाइंडर नाही, अंतर अंदाजाने लावायचं. दिवसा तेही चालतं. ४२ एमएमला एफ/१६ वर फोकस ४ मीटरला ठेवला की २ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट. रेंजफाइंडरची खरी गरज संध्याकाळी. एफ/२.८ वर, दीड मीटरवरच्या चेहऱ्याला जेमतेम २० सेंटिमीटरची खोली मिळते. अंदाज हातभर चुकला की नाकाऐवजी मागची भिंत शार्प.

विकत घेताना विक्रेत्याचं 'वर्किंग कंडिशन' ऐकू नका. मागचं झाकण उघडा, बी वर ठेवून बटण दाबून धरा आणि लेन्समधून मोबाईलचा टॉर्च बघा: काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे फंगस, पावसाळ्यात ओली केस कपाटात कोंडल्याचं फळ. मग १/१५ वर दहा वेळा शटर सोडा. पहिल्या एक-दोन वेळेस पाती अडकून नंतर नीट चालत असतील तर फसू नका, ती उद्या सकाळी पुन्हा अडकणार. उन्हात ग्रीस पातळ होऊन तेल पात्यांवर येतं, म्हणून असं होतं. इलाज नॅफ्थाने धुणं. सायकलच्या चेनवर मारायचा स्प्रे चुकूनही नको. शेवटी लेन्स अनंतावर ठेवून सेमिनरी हिल्सचा टीव्ही टॉवर बघा. दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या नाहीत तर रेंजफाइंडर हललेला आहे.

झाकणाच्या खाचांतला, उजेड अडवणारा फोम वितळून डांबर झालेला असेलच. त्यासाठी कॅमेरा नाकारू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथपिकने खरवडा, कॅमेरा उलटा धरून, म्हणजे कण शटरवर पडत नाहीत. अरुंद खाचेत काळी लोकर चालते.

सेलची भानगड वेगळी. मूळ पीएक्स६२५ पाऱ्याचा, १.३५ व्होल्टचा, आता मिळत नाही. १.५ चा अल्कलाइन घातला तर मीटर चुकतो, आणि सेल उतरत जाईल तसा वेगवेगळा चुकतो. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्ट देतो. व्यास ११.६ मिलिमीटर, मूळचा १५.६, मधे रबरी वायसर बसवा. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवेत ठेवून मगच आत घाला. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो लवकर सुकतो, म्हणून एप्रिलपासून एक जादा पाकिटात असू द्या.

आणि कॅमेरा स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका. पात्यांवर तेल चढवायचा त्याहून सोपा मार्ग नाही. झोळ्यात, पंच्यात गुंडाळून, अंगाजवळ ठेवा. फ्रिजमधली फिल्म तासभर डबी न उघडता बाहेर राहू द्या, मगच भरा.