उशीर होतो, पण तो कायद्यातच धरलेला आहे

‘लँड कौन्सिलचे प्रादेशिक व्यवस्थापक बैठकाच घेत बसतात, म्हणून निर्णय रखडतात’ हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी जमिनींवरच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. लँड कौन्सिल म्हणजे तिथल्या आदिवासींच्या वतीनं त्यांच्या जमिनीचे व्यवहार पाहणारी संस्था. ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशासाठीचा १९७६चा जमीन हक्क कायदाच सांगतो की प्रस्ताव काय आहे, कशासाठी आहे हे त्या जमिनीच्या पारंपरिक मालकांना समजलं पाहिजे आणि त्यांनी समूह म्हणून संमती दिली पाहिजे. त्याशिवाय कौन्सिलला पुढे जाताच येत नाही. खाण कंपनीला घाई असली तरी!

मी काही काळ याच प्रदेशातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जला नोकरीला होतो. सेंट्रल लँड कौन्सिलचं क्षेत्र जवळपास ७,८०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट. तिथे एक बैठक घ्यायची तर गाड्या, डिझेल, जेवणखाण, दुभाषे, लांबलांबच्या वस्त्यांवरून वयस्कर मंडळींना आणणं-पोचवणं, सगळं आलं. पाऊस झाला की कच्चे रस्ते बंद. कुणाच्या घरी मयत झाली तर बैठक पुढे जाते, आणि जायलाच हवी. लेखकानं खरं तर हे विचारायला हवं होतं की इतक्या आडवाटेच्या कार्यालयांत अनुभवी माणसं टिकवायची कशी. त्यावर लेखात एक ओळही नाही.