खुलासा : लावलेली कातडी काळवंडली म्हणजे सडली, हे खरं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय : ‘भाजलेल्या जागी लावलेली मांडीची कातडी काळी पडली तर ती सडली समजा. पट्टी काढून हळद नि तंबाखूची पूड भरा.’ कृपा करून असं काही करू नका.

पेशंटच्याच मांडीवरून काढून जखमेवर लावलेल्या पातळ कातडीला (स्किन ग्राफ्ट) पहिले 2 दिवस रक्तपुरवठाच नसतो. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर ती तग धरते. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्याशी जुळतात आणि 5 ते 7 दिवसांत ती धरते. एवढ्यात पट्टी हलली किंवा खाली रक्त साचलं, की ही जुळणी तुटते. पूड भरणं म्हणजे तर जंतूंना आवतणच.

रंगाचं म्हणाल, तर आधी फिकट, मग गुलाबी-जांभळट आणि पुढे कित्येक महिने आजूबाजूपेक्षा गडद. गुऱ्हाळात काकवी सांडून भाजलेल्या पोटरीवर जाळीदार (बारीक छेद देऊन ताणलेली) कातडी लावली असेल, तर ती चौकड्यांची नक्षी वर्षानंतरही दिसते. व्रण निवायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. या कातडीला घाम येत नाही, म्हणून ती कोरडी पडते, खाजते. जखम पूर्ण भरल्यावर रोज मॉइश्चरायझर लावा, ऊन टाळा. सांध्यावर असेल तर ती आखडते. सांगितलेला व्यायाम अजिबात चुकवू नका.

दुर्गंधी, पू, ताप किंवा पहिल्या काही दिवसांतच कडक काळी खपली दिसली, तर मात्र त्याच दिवशी सर्जनला दाखवा.