रोम करार माटोळीच्या फोटोला वाचवणार नाही

यंदा चवथीला आमच्या घरच्या ग्रुपवर तो मजकूर पुन्हा आला: "उद्यापासून फेसबुकचा नवा नियम. तुमचे सगळे फोटो कंपनीच्या मालकीचे होणार. रोम करार आणि यूसीसी १-३०८ नुसार मी परवानगी नाकारतो. हे कॉपी करून आपल्या वॉलवर टाका." काकीने टाकला, मागोमाग निम्म्या घराने. काळजीपोटीच टाकला, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

मालकी तुमचीच राहते, हे कंपनीच्या अटींतच लिहिलेलं आहे. आपण देतो तो वापराचा परवाना, आणि तो खातं उघडलं त्याच दिवशी दिला. 'उद्यापासून' काही नाही. पोस्ट काढून टाकली की तो संपतो, फक्त इतरांनी शेअर केलेली प्रत मागे उरू शकते.

रोम करार १९९८चा, नरसंहार आणि युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या न्यायालयाचा. भारताची त्यावर सहीसुद्धा नाही. यूसीसी म्हणजे अमेरिकेतल्या व्यापारी व्यवहारांचे नियम. आपला खरा आधार, म्हणजे खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा निकाल आणि २०२३चा डेटा संरक्षण कायदा, यांचं या मजकुरात नावही नाही.

आणि वॉलवर लिहून परवानगी रद्द होते? कर्जाच्या अटी मान्य नाहीत असं आपल्याच दारावर लिहिलं, तर बँक हप्ता सोडते का?

मला खरी भीती वाटते ती मजकूर टाकल्यावर येणाऱ्या निश्चिंतीची. त्याच दुपारी काकीने माटोळीचा, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या आराशीचा, फोटो टाकला. वर नारळ, चिबूड, सुपारीचे घोस, खाली नातवंडं नावानिशी टॅग केलेली, आणि ओळ: "वास्कोहून सगळे आलो, सात दिवस गावातच!" पोस्ट सार्वजनिक. वास्कोचा फ्लॅट आठवडाभर बंद आहे हे कोणालाही वाचता येत होतं, आणि प्रोफाइलवर तिचा फोन नंबरही होता.

"स्वतःच्या वॉलवर टाका, सुरक्षित व्हा" हेही खरं नाही, कारण आपली माहिती दुसऱ्यांच्या हातूनही जाते. २०१८च्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात एका प्रश्नावलीच्या अ‍ॅपमधून लोकांची माहिती त्या नावाच्या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली. तेव्हा फेसबुकनेच सांगितलं होतं की भारतात ते अ‍ॅप ३३५ जणांनी घेतलं, पण माहिती गेली असण्याची शक्यता सुमारे ५.६२ लाख लोकांची. बाकीचे सगळे नुसते कोणाच्या तरी मित्रयादीत होते. त्या नातवंडांना तर कोणी विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी ओसरीवर काकीचा फोन घेऊन बसलो. जुन्या सार्वजनिक पोस्ट एका बटणात मित्रांपुरत्या झाल्या. कोणी टॅग केलं तर आधी तिला विचारलं जाईल असं केलं, नंबरवरून शोधणं बंद केलं, नंबरही काढला. आरतीला घुमट वाजायला लागलं तोवर काम उरकलं होतं. माटोळीचा फोटो तिने स्वतःच काढून टाकला. वास्कोला परतल्यावर पुन्हा टाकणार आहे, मुलांच्या नावांशिवाय.