सगळे प्लॉट एकाच दिवशी छाटायचे नसतात

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं सुटे भाग बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (धातू कापणारी संगणकचालित मशीनं), सात माणसं. २०१९ च्या वाहन उद्योगातल्या मंदीत एका सोमवारी माझ्या मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचा मेल आला, पुढच्या महिन्याचं शेड्यूल शून्य, म्हणजे एकही ऑर्डर नाही. माझं ऐंशी टक्के काम त्या एकाच कंपनीचं आणि तीन महिन्यांची बिलंही तिच्याकडेच अडकलेली. मशीन बंद असलं तरी विजेचा स्थिर आकार चुकत नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही. हातात न आलेल्या पैशांवरचा जीएसटीसुद्धा २० तारखेला भरावाच लागतो. रात्री शॉपमध्ये एकटा बसायचो. मशीनच्या पकडीत, चकमध्ये, अर्धवट कापलेला जॉब तसाच, साचलेल्या कूलंटला (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) आंबूस वास सुटलेला.

धंद्यात मन खंबीर लागतं, हे सगळेच सांगतात. खरंही आहे ते. पण पगार मनाच्या जोरावर होत नाहीत.

दोन महिने घरी काही बोललो नाही. शेवटी निफाडला जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. त्यांचा जन्म द्राक्षबागेत गेलाय. म्हणाले, "ऑक्टोबर छाटणी आम्ही सगळ्या प्लॉटची एकदम करतो का रे? अवकाळी आला की फुलोऱ्यातला प्लॉट गळतो, कुजतो. उशिरा छाटलेला वाचतो. तू सगळी बाग एकाच दिवशी छाटून बसलास."

तेव्हापासून एका गिऱ्हाईकाचं काम तिसऱ्या हिश्शाच्या वर घेत नाही. फवारणी पंपाचे, शेतीअवजारांचे सुटे भाग घेतले. लॉट छोटे, सेटिंगला वेळ जास्त, सुटतंही कमी. पण मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, तेव्हा सातांपैकी एकालाही घरी बसवावं लागलं नाही. याचं मला आजही मोठं समाधान आहे.

आणि थकलेल्या पैशांबद्दल गप्प बसू नका. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, हे २००६ च्या एमएसएमई कायद्यातच आहे. काम जाईल या भीतीने आपण तक्रार करत नाही, मीही केली नव्हती. पण १ एप्रिल २०२४ पासून आयकराचं ४३ब(एच) कलम लागू झालं. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर माल घेणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. आता तर कंपन्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून उद्यम नंबर (लघुउद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक) मागतात. तो प्रत्येक बिलावर छापा.

अंबड-सातपूरमध्ये आज कुणाचं शेड्यूल शून्य आलं असेल, तर एकटं बसू नका. संध्याकाळी सहानंतर माझ्या शॉपवर या. थकलेली बिलं सोबत आणा, चहा घेता घेता तारखा लावून बघू.