डोळ्यातल्या त्या नव्या रक्तवाहिन्या ‘बायपास’ नाहीत

“डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या फुटणं हा शरीराचा नैसर्गिक बायपास आहे. डॉक्टर कॅन्सरचं इंजेक्शन देऊन तो मारतात, वर पुन्हा पुन्हा बोलावून पैसे काढतात. त्यापेक्षा रोज आवळ्याचा रस घ्या.” हा फॉरवर्ड आमच्या आत्यापर्यंत पोचला आणि मधुमेहाने डोळ्याचा पडदा (रेटिना) खराब झालेला असताना तिने इंजेक्शनची तारीख चुकवली. आता मात्र हद्द झाली.

आधी ते बायपासचं बघू. ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरातली एखादी पेशी त्याचा माग काढत, बारीक तंतूंनी चाचपत पुढे सरकते. त्याच वेळी ती आपल्या अंगावरच्या डीएलएल४ या प्रथिनाने शेजारच्या पेशींमधला नॉच हा रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारं प्रथिन, जागा करते, आणि त्या मागेच थांबतात. अशी एक फांदी नीट फुटते. २००७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या प्रयोगात उंदरांच्या पिल्लांच्या पडद्यात नॉचचा संदेश अडवला, तर पुढे धावणाऱ्या पेशी बेसुमार झाल्या आणि वाहिन्यांचं जाळं नको तितकं दाट झालं. फुटायला संदेश लागतो, तसा थांबायलाही लागतो.

मधुमेहात पडद्यातल्या केशवाहिन्या बंद पडतात. उपाशी पडदा व्हीईजीएफ सोडतच राहतो आणि फुटवे भलतीकडेच, डोळ्यातल्या जेलीत घुसतात. भिंती गळक्या, नाजूक. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं. सोबत वाढलेले तंतू आकसून पडदा ओढतात, तो सुटूही शकतो. याला बायपास म्हणायचं? याने माणूस आंधळा होतो!

कॅन्सरचं औषध? अर्धं खरं आहे, मान्य. या इंजेक्शनमधल्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २००४ साली पहिली परवानगी मिळाली ती मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठीच. पण कॅन्सरमध्ये ते एका किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम किंवा जास्त देतात. डोळ्यात जातं सगळं मिळून १.२५ मिलिग्रॅम, व्हीईजीएफला धरून ठेवायला. क्वचित जंतुसंसर्ग होतो, हेही खरं. डोळा दुखला, नजर अंधूक झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आवळा खुशाल खा. गळकी वाहिनी त्याने बुजत नाही.

राहिलं पुन्हा पुन्हा बोलावण्याचं. औषध काही आठवड्यांत ओसरतं, पण बंद केशवाहिन्या बंदच असतात, म्हणून संदेश परत चढतो. कित्येकांना लेसरही करतात तो यासाठीच: कडेचा थोडा पडदा जाळला की ऑक्सिजनची मागणी घटते आणि व्हीईजीएफ उतरतं. मध्येच तारीख चुकवली तर आटलेले फुटवे पुन्हा वाढायला लागतात.