पाच मिनिटांचं काम

नानांच्या सहस्रचंद्रदर्शनाची चौदा मिनिटांची फिल्म मी केली. फुकट केली, त्यामुळे नावं ठेवायला सगळे मोकळे. नाना मराठीचे मास्तर. पहिल्याच पाहणीत त्यांनी १७ दुरुस्त्या सांगितल्या. आणि नेमकं तेव्हाच माझ्या एडिटिंग सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं संपत आलं.

पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, भाडं कशाला भरतोस? फुकटातलं एक आहे, त्यात ने. इकडून एक्सएमएल काढायचं, तिकडे उघडायचं. पाच मिनिटांचं काम."

इंदूरच्या माणसाला 'फुकट' आणि 'पाच मिनिटं' एका दमात ऐकवू नयेत.

एक्सएमएल निघालं. चित्रीकरणाने अख्खी हार्ड डिस्क भरलेली आणि ही फाइल व्हॉट्सॲपवरून जाईल एवढीशी. तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. त्या फाइलीत व्हिडिओ नसतोच. आजी गावाला जाताना मागे चिठ्ठी ठेवायची ना, मेतकूट डाव्या फडताळात, वरच्या खणात, पितळी डब्यामागे, तशी ती चिठ्ठी असते: अमुक क्लिप, तमुक फोल्डरमधली, इथपासून इथपर्यंत. फडताळ हललं की चिठ्ठी चुलीत घालायची. माझी हार्ड डिस्क कालपर्यंत 'ई' होती. आज पेनड्राइव्ह आधी खोचला गेला, म्हणून ती 'एफ' झाली. नव्या घरात टाइमलाइन उघडली ती लालभडक. २१२ तुकडे, सगळे 'मीडिया ऑफलाइन'.

नवा पत्ता दाखवला, चित्रं आली. पण दोन्ही कॅमेऱ्यांनी आपापल्या कार्डावर क्लिपांची नावं सी०००१ पासूनच मोजायला घेतलेली, म्हणजे एकाच नावाच्या दोन-दोन क्लिपा. त्यामुळे काकू औक्षणाला तबक उचलतात आणि पुढच्याच क्षणी कढईत जिलबी पडते. शिवाय क्लिपा फोर-केच्या. जुन्या घरी त्या चौकटीत बसवून घेतल्या होत्या, ती सूचना वाटेत सांडली. ३८४० बाय २१६०चं चित्र १९२० बाय १०८०च्या चौकटीत तसंच घुसलं. चारातले तीन हिस्से बाहेर. नानांच्या वाट्याला मिशी आली.

"मग ईडीएल करून बघ," भाचा म्हणाला. ईडीएल म्हणजे टेपच्या जमान्यातली यादी. तिला चित्राचा एकच ट्रॅक कळतो. कट, डिझॉल्व्ह, वाइप, संपलं. वरच्या ट्रॅकवरचे नानांचे तरुणपणचे फोटो तिच्या लेखी काढलेच गेले नव्हते. पुढे एएएफ नावाच्या तसल्याच आणखी एका फाइलीचा विषय निघाला, पण ते उच्चारतानाच मला धाप लागली.

समाधान एकच. २०११ साली ॲपलने फायनल कट प्रो टेन आणलं, तेव्हा त्याला आधीच्या फायनल कटचे प्रोजेक्ट उघडता येत नव्हते आणि धंद्यातल्या एडिटरांनी केवढी बोंब ठोकली होती. तिथे बापाची पत्रं लेकाला वाचता येईनात. मी तर परक्याच्या दारात उभा होतो.

रात्री एक वाजता मुलगा सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून भुट्ट्याचा कीस घेऊन आला. पडद्याकडे बघून म्हणाला, "बाबा, अजून मिशीच?"

मग कीस खात एकेक तुकडा हाताने बसवला. रंग पुन्हा केले, संथ केलेले शॉट पुन्हा संथ केले. (आत्याचं भजन फोनवर घेतलेलं, तिथे ओठ आणि आवाज यांचं आधीपासूनच पटत नव्हतं, त्यात मी पडलो नाही.) शीर्षकं तर आलीच नव्हती. पहाटे चारला नव्याने टाइप केली, फॉन्ट समोर आला तो घेतला आणि रेंडरला लावून झोपलो.

रविवारी रामबागेत सगळे जमले. पोह्यांवर शेव पडली, जिरावण भुरभुरलं, टीव्ही लागला. पडद्यावर सोनेरी अक्षरांत उमटलं: 'सहस्‌र चंद्‌र दर्‌शन'. एकही जोडाक्षर जोडलेलं नाही.

नानांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"हजार चंद्र पाहिले रे मी," ते म्हणाले, "पाय मोडलेला हा पहिलाच."

मी वही काढली. अठरावी दुरुस्ती. पुढे काकूंनी तबक उचललं आणि कढईत जिलबी पडली. एवढं करून ती माझ्या नजरेतून सुटली होती. मी पेन टेकवणार, तोच नानांनी हात वर केला.

"ही राहू दे."