सोळा कानांचे सँडविच

जपानीत ‘कात्सु’ म्हणजे जिंकणे आणि ‘कात्सु’ म्हणजे कटलेटही. त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर डुकराच्या मांसाचे कटलेट खाणे इथे शुभ मानतात. बायकोची जपानी भाषेची परीक्षा डिसेंबरातल्या एका रविवारी होती आणि टोकियोतल्या आमच्या शेजारच्या आजींनी ही माहिती तिला न देता मला दिली, तिथेच माझे ग्रह फिरले.

कटलेट जमले. दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकड्यातल्या, चरबी आणि मांस यांच्यामधल्या शिरा सुरीने तोडल्या (नाहीतर तो तेलात पापडासारखा मुरडतो) आणि मैदा, अंडे, पानको असे क्रमाने लावून तळला. पानको म्हणजे पावाचाच चुरा. पण तो रव्यासारखा बारीक नसतो, खोवलेल्या नारळासारखा मोकळा असतो.

घात केला तो कटलेटच्या सँडविचसाठी आणलेल्या पावाने. आपला ‘पाव’ आणि जपान्यांचा ‘पान’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांचे, या नात्याच्या भरवशावर मी दुकानातली पहिली पिशवी उचलली. इथे एकच पाव चार, पाच, सहा किंवा आठ कापांत विकतात, आणि सँडविचला आठाचा, म्हणजे पातळ कापांचा, लागतो, हे चाराचा पाव घरी आणल्यावर कळले. टोकियोतल्या उएनो भागातल्या ‘इसेन’ या कटलेटच्या उपाहारगृहाने १९३५ साली हे सँडविच काढले ते लहानशा पावाचे, तिथल्या गेशा कलावंतिणींच्या ओठांवरचा रंग बिघडू नये म्हणून, माझे सँडविच खाताना रंगाची नव्हे, जबड्याची काळजी होती.

तरीही लोणी, घट्ट गोडसर सॉस, केसासारखी चिरलेली कोबी आणि ‘काराशी’ असे सगळे भरून, दाब बसावा म्हणून वर शब्दकोश ठेवला, जो बायकोला नेमका तेव्हाच हवा होता. काराशी ही आपल्या फेसलेल्या मोहरीची सख्खी बहीण आहे आणि मी ती लोण्याइतक्याच सढळ हाताने लावली होती.

पहिल्या घासाला बायकोच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “अरे, मला पास व्हायचंय की रडायचंय?” असे म्हणून तिने वरचा काप बाजूला ठेवला आणि कटलेट तेवढे खाल्ले.

पावाच्या कापलेल्या कडांना इथे ‘मिमी’, म्हणजे कान, म्हणतात. चार कापांचे सोळा कान उरले होते. दुसऱ्या दिवशी परीक्षेहून परतल्यावर तिने त्यांना कांदा, मिरची आणि हळदीची फोडणी दिली, ताटली रिकामी केली आणि आणखी कान आहेत का, असे विचारले.